सोलापूरहून समुद्री गोगलगायींची मोजणी: पाच महिन्यांच्या नोंदी

27 ऑक्टोबर 2024, रविवार

आम्ही पाच जण आहोत. मी प्राणिशास्त्र शिकवते, बाकीचे चौघे माझे विद्यार्थी: एक मुलगी बार्शीची, एक मोहोळची, एक मुलगा अक्कलकोटचा आणि एक मंगळवेढ्याचा. चौघांपैकी तिघांनी अजून समुद्र पाहिलेला नाही. पोहता कुणालाच येत नाही.

हे सगळं सुरू झालं बार्शीच्या मुलीच्या एका प्रश्नावरून. एप्रिल 2024 मध्ये जगात चौथ्यांदा मोठ्या प्रमाणावर प्रवाळ पांढरं पडत असल्याचं जाहीर झालं, पाठोपाठ लक्षद्वीपहूनही तशीच बातमी आली. तिने विचारलं, "मॅडम, पांढरं पडल्यावर सगळ्यांनाच दिसतं. त्याच्या आधी कसं कळायचं?" मी समुद्री गोगलगायींचं नाव घेतलं. अंगावर शंख नसलेल्या किंवा अगदी नावापुरता असलेल्या या गोगलगायींपैकी बहुतेकींचं आयुष्य काही महिन्यांचं, फार तर वर्षभराचं. खाण्याच्या बाबतीत तर त्या कमालीच्या हट्टी. एखादी जात एकाच प्रकारच्या स्पंजवर जगते, एखादी एकाच हायड्रॉइडवर (दोन्ही खडकाला चिकटून राहणारे प्राणी, हायड्रॉइड फांदीसारखा वाढणारा). ते खाणं संपलं की ती दिसेनाशी होते, म्हणून बदल आधी त्यांच्यात दिसेल असं वाटलं. ऑस्ट्रेलियात 2013 पासून हौशी लोक ठरावीक दिवशी त्यांची मोजणी करतात. आपल्यालाही हे जमेल का, एवढंच पाहायचं ठरवलं.

पहिला विचार मालवणचा होता. पण तिथलं सागरी अभयारण्य 1987 पासूनचं आहे आणि परवानगीशिवाय तिथे काम करता येत नाही, करूही नये. परवानगीत हे वर्ष गेलं असतं. म्हणून अभयारण्याबाहेरचा, रत्नागिरी बाजूचा एक खडकाळ किनारा निवडला. ओहोटीला तिथे डबकी उघडी पडतात आणि काही डबक्यांत प्रवाळाच्या लहान वसाहती आहेत. नेमकी जागा इथे लिहीत नाही. प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, मेलेला तुकडासुद्धा उचलायचा नाही. फोटोशिवाय काही आणायचं नाही, हा नियम पहिल्याच दिवशी ठरला.

10 नोव्हेंबर 2024, रविवार

समुद्रावर जायच्या आधी शोधायची सवय हवी, म्हणून तुळजापूर रस्त्यावरचा हिप्परगा तलाव गाठला. 1871 मध्ये पूर्ण झालेलं हे एकरुखचं धरण. काठाला दगड, गाळ, पाणवनस्पती सगळं आहे. चौघांनी प्रत्येकी 30 मिनिटं शोधायचं, सापडलेली गोगलगाय पांढऱ्या ताटात ठेवायची, फोटो काढायचा आणि जागच्या जागी सोडायची. हिशोब 120 माणूस-मिनिटांचा.

चूक पहिल्या दहा मिनिटांतच झाली. मी फक्त "शोधा" म्हणाले होते. अक्कलकोटचा मुलगा दगड उलटून पाहत होता, मोहोळची मुलगी नुसती पाण्यात वाकून. त्याला 38 मिळाल्या, तिला 9. म्हणजे आकडा तलावाचा नव्हताच, शोधण्याच्या पद्धतीचा होता. दुसऱ्या फेरीला नियम केला: पहिली 10 मिनिटं फक्त नजरेने, पुढची 10 वनस्पतींवर, शेवटची 10 दगडांखाली. उलटलेला दगड होता तसाच परत ठेवायचा. त्याच्या खालच्या बाजूला जे जगतं ते उन्हात तासभरही टिकत नाही. हा नियम आम्ही समुद्रावरही जसाच्या तसा ठेवला.

एकूण सहा प्रकार मिळाले. त्यातल्या चार प्रकारांना शंखाच्या तोंडावर झाकण होतं: जाडजूड बेलामिया, मनोऱ्यासारखी लांबट मेलानॉइडिस आणि तिच्याच कुळातल्या दोन.

17 नोव्हेंबर 2024, रविवार

विजापूर रस्त्यावरचा कंबर तलाव. मतदानाच्या कामाचं प्रशिक्षण आटोपून दुपारी पोचले, मुलं आधीच कामाला लागली होती. तेवढ्याच वेळात इथे हिप्परग्याच्या जवळजवळ दुप्पट गोगलगायी सापडल्या. मंगळवेढ्याचा मुलगा म्हणाला, "मॅडम, मग हाच तलाव चांगला."

ताटं शेजारी ठेवून पाहायला सांगितलं. जलपर्णीच्या कोपऱ्यातल्या या सगळ्या बिनझाकणाच्या होत्या: चपटी चकती असलेली इंडोप्लॅनॉर्बिस, पातळ शंखाची लिम्निया आणि डाव्या बाजूला तोंड असलेली फायसा. या तिन्ही वर येऊन हवा घेतात. पाण्यातला प्राणवायू कमी झाला तरी त्यांचं भागतं. हिप्परग्याच्या झाकणवाल्या कल्ल्यांनी श्वास घेतात, त्यांना पाण्यातला प्राणवायू लागतोच. त्या कोपऱ्यात झाकणवाली एकही नव्हती. किती सापडल्या यापेक्षा कोण सापडलं हे महत्त्वाचं, ही गोष्ट मुलांना पाठ्यपुस्तकातून नाही, दोन ताटांतून कळली. दीड महिन्याने रत्नागिरीत मी स्वतःच ती विसरले. ते पुढे लिहिते.

1 डिसेंबर 2024, रविवार

सामानाचा दिवस. काय चाललं आणि काय नाही ते सविस्तर लिहिते, कारण आमचे पैसे इथेच वाया गेले.

चौकट: पीव्हीसी पाइपची 50 बाय 50 सेंटिमीटरची. चार कोपरे आणि पाइप मिळून 210 रुपये. हिप्परग्यात टाकली तर ती तरंगत निघून गेली, पाइपात हवा कोंडलेली होती. तापवलेल्या खिळ्याने दर चार बोटांवर भोकं पाडली. आता पाणी आत शिरतं आणि चौकट तळाशी बसते.

लिहायला: लॅमिनेशन केलेले तक्ते 180 रुपयांचे. ओले झाले की त्यावर पेन्सिल चालत नाही आणि पेनाची शाई पसरते. ते बाद केले. मग पांढऱ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या पॉलिश पेपरने घासून खरबरीत केल्या. त्यावर साधी पेन्सिल पाण्यातही उमटते आणि घरी आल्यावर खोडरबराने निघते.

गुडघे: खडकावर कालवं चिकटलेली असतात, त्यांच्या कडा ब्लेडसारख्या. अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यातून टेरीचं कटपीस किलोभर आणलं, 120 रुपये. मोहोळच्या मुलीच्या आईने चार-चार पदर शिवून, नाडी लावून दहा पट्टे करून दिले. बाजारात मिळणारे गुडघ्याचे पॅड याहून महाग आहेत आणि ओले झाले की घसरतात. टेरी ओली झाली की उलट घट्ट बसते.

पाण्यात पाहायला: आभाळाची चकाकी डबक्यात पडते आणि तळ दिसत नाही. पारदर्शक बुडाचा चौकोनी डबा पाण्यावर टेकवला की तळ स्वच्छ दिसतो. 60 रुपये. सगळ्या सामानात सर्वांत उपयोगी हाच ठरला.

सरावासाठी कॉलेजच्या मैदानावर काळ्या दगडांमध्ये लोकरीचे अर्ध्या इंचाचे 40 तुकडे लपवले आणि प्रत्येकाला दहा मिनिटं दिली. 31, 27, 22 आणि 14 सापडले. ज्याला 14 मिळाले त्या मंगळवेढ्याच्या मुलाने तांबडे तुकडे जवळजवळ सगळे सोडले होते. थोडं विचारल्यावर त्याने हळूच सांगितलं की तांबडं आणि हिरवं त्याला लहानपणापासून वेगळं दिसत नाही, सैन्यभरतीच्या वेळी कळलं होतं. तो नाव मागे घ्यायला निघाला होता. मी नाही म्हटलं. जोड्या लावताना त्याला 31 वाल्या बार्शीच्या मुलीबरोबर ठेवलं.

28 ते 31 डिसेंबर 2024, पहिली फेरी

सोमवारी 30 ला अमावास्या, म्हणजे ओहोटी खोल. भाड्याची गाडी केली, जाऊन-येऊन 730 किलोमीटर, 14 रुपये दराने 10,220. सांगोला, मिरज, कोल्हापूर, आंबा घाट. बरोबर कडक भाकरी आणि शेंगा चटणी, त्यामुळे वाटेत जेवणाचा खर्च नव्हता. पण 31 डिसेंबरच्या गर्दीचा विचार मी केलाच नव्हता. एरवी 1,200 ची खोली 3,500 ला मिळाली, तीही बाजारपेठेत. दोन खोल्या, तीन रात्री. हिशोबातली सगळ्यात मोठी चूक ती.

सोमवारी पहाटे पावणेपाचला बॅटऱ्या घेऊन खडकावर पोचलो. ओहोटी होती, पण आम्हाला हवी ती डबकी पाण्याखालीच राहिली. साडेपाचपर्यंत वाट पाहिली. पाणी परत चढायला लागलं. अंधारात घसरून अक्कलकोटच्या मुलाचा तळहात कापला आणि माझा फोन पाण्यात पडला. प्लॅस्टिकच्या पिशवीत होता, पण पिशवीची पट्टी नीट दाबली नव्हती. फोन गेला.

उजाडल्यावर कालवं काढायला आलेल्या एक मावशी भेटल्या. म्हणाल्या, "थंडीत सकाळची सुकती बघून काय उपयोग? संध्याकाळची बघा." दिवसाच्या दोन्ही ओहोट्या सारख्या नसतात आणि आपल्या किनाऱ्यावर हिवाळ्यात संध्याकाळची जास्त खोल जाते, हे मला ठाऊक असायला हवं होतं. भरती-ओहोटीच्या तक्त्यात वेळ आणि उंची दोन्ही आकडे होते, मी फक्त वेळ पाहिली होती. त्याच दिवशी संध्याकाळी खडकाच्या कडेला काठी उभी करून मोजलं. सकाळच्या खुणेपेक्षा पाणी 55 सेंटिमीटर खाली होतं.

मावशींनी वेळेचा हिशोबही सांगितला: तिथीला पाऊणपट करायचं. अमावास्या पंधरावी, पंधराचे पाऊणपट सव्वाअकरा. सव्वाअकराला पूर्ण भरती, तिथून सहा तासांनी, सव्वापाचला, पूर्ण ओहोटी. दुसऱ्या दिवशी पाऊण तास पुढे. छापील तक्त्याशी ताडून पाहिलं, पंधरा-वीस मिनिटांचा फरक येतो. तक्ता हवाच, पण तोंडी हिशोब माहीत असला की तक्ता चुकीचा वाचला तर लगेच लक्षात येतं.

31 ला संध्याकाळी काम नीट झालं. मी पाण्यावर नजर ठेवून वर उभी, चौघे दोन जोड्यांनी खाली. वेळ संपेपर्यंत पट्ट्यांवर 47 गोगलगायी लिहिल्या गेल्या. मुलं आनंदात होती. मीही होते.

5 जानेवारी 2025, रविवार

फोटो उघडून बसलो. 47 पैकी 41 पेरोनिया निघाल्या. खडकाच्या रंगाची, पाठीवर फोड आल्यासारखी दिसणारी ही गोगलगाय उघड्या कातळावर फिरते, खडकावरच्या शेवाळाचा थर खाते आणि हवेतून श्वास घेते. डबक्यातल्या प्रवाळाशी, स्पंजाशी तिचा काही संबंध नाही. कंबर तलावाचीच गोष्ट पुन्हा झाली होती, फक्त पाणी खारं होतं. आणखी दोन चपटे कृमी निघाले. रंगीत, कागदासारखे पातळ, सरकतात तेही डौलात. पण समुद्री गोगलगायीच्या डोक्यावर असतात तशी दोन जाडसर शिंगं त्यांना नसतात, पाठीवर कल्ल्यांचा पिसारा नसतो, बोटांसारखे उंचवटेही सहसा नसतात. कडा मात्र चुणीदार असते. आता ओळखायची पहिली पायरी तीच ठेवली आहे: शिंगं दिसली नाहीत तर नाव लिहायचं नाही.

उरल्या 4. तीन रात्रींचं भाडं, एक फोन आणि 4 गोगलगायी.

आणखी एक घोळ. उसना आणलेला ऑलिंपसचा कॅमेरा ग्रिनिचच्या वेळेवर होता. सगळ्या फोटोंच्या वेळा साडेपाच तास मागे. ओहोटीच्या कोणत्या मिनिटाला काय सापडलं ते जुळवायला एक अख्खी संध्याकाळ गेली. यापुढे कामाचा पहिला फोटो हातातल्या घड्याळाचा.

नोंदीचा तक्ता बदलला. आता "किती" च्या आधी तीन रकाने आहेत: कशावर बसली होती, ती काय खाते, आणि किती माणूस-मिनिटं शोधलं. नाव खात्रीने सांगता आलं नाही तर सांकेतिक क्रमांक द्यायचा, अंदाजाने नाव लिहायचं नाही. अंड्यांच्या फिती दिसतात, पांढऱ्या, फुलासारख्या गुंडाळलेल्या. त्या वेगळ्या लिहायच्या, प्रकारांत धरायच्या नाहीत.

13 जानेवारी 2025, सोमवार

आज पौर्णिमा, ओहोटी चांगली. पण गड्ड्याचे दिवस आहेत. दोघांच्या घरी पाहुणे, एकाचे काका नंदीध्वज उचलणाऱ्यांत. सिद्धेश्वराची यात्रा सोडून या चार दिवसांत सोलापूर कुणी सोडत नाही, आणि मी आग्रह धरला नाही. पुढची अमावास्या 29 ची.

28 ते 31 जानेवारी 2025, दुसरी फेरी

या वेळी एसटीने. 25 जानेवारीपासून भाडं जवळजवळ 15 टक्क्यांनी वाढलं, तरी आम्हा तिघींना अर्धं तिकीट असल्याने पाच जणांचं जाऊन-येऊन साधारण 4,200 झालं. गाडीच्या निम्म्याहून कमी. खोली किनाऱ्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर, 900 रुपये.

29 आणि 30, दोन्ही संध्याकाळी ओहोटीच्या दीड तास आधी पाण्यामागोमाग खाली उतरत गेलो. ओहोटी पूर्ण होते तेव्हा उजेड संपत आलेला असतो. वर थांबून ओहोटीची वाट पाहिली तर अंधारच हाती येतो. बॅटरीच्या काचेवर बटर पेपर रबराने बांधला, त्यामुळे प्रकाश मऊ पडतो आणि फोटोत गोगलगायीची पाठ पांढरी फटक येत नाही.

खडकाचे ठरावीक दोन पट्टे, प्रत्येकी 30 मिनिटं, चार माणसं: 240 माणूस-मिनिटं. पेरोनिया वगळून 19 गोगलगायी, सहा प्रकार.

त्यातली एक लिहून ठेवण्यासारखी. बार्शीच्या मुलीने एक डबकं पूर्ण पाहून "काही नाही" म्हटलं होतं. मंगळवेढ्याचा मुलगा तिथेच डबा टेकवून बसून राहिला. पाच-सहा मिनिटांनी त्याने मला खाली बोलावलं. हायड्रॉइडच्या तपकिरी फांदीवर आणखी एक फांदी होती आणि ती प्रवाहाच्या उलट झुकत होती. बोर्नेला. जेमतेम दोन सेंटिमीटर, दुधी अंगावर नारिंगी जाळं, पाठीवर जोडीजोडीने फुटलेले फाटे. ती त्याला रंगाने दिसलीच नाही, हलण्याने दिसली. पुढच्या पट्ट्यात त्याने अशाच आणखी तीन काढून दिल्या. मग जोड्यांची पद्धत बदलली: आधी एकाने रंगाने पाहायचं, मग दुसऱ्याने त्याच डबक्यात निदान पाच मिनिटं न हलता बसायचं. या पाच मिनिटांत जे सापडलं ते वेगळ्या रकान्यात.

दगडांखाली स्पंजावर काळी, मऊ डेंड्रोडोरिस सहा. शेवाळावर हिरव्या एलिसिया आणि दोन समुद्रससे (सशाच्या कानांसारखी शिंगं असलेल्या समुद्री गोगलगायी) मिळून नऊ. एलिसिया शेवाळाचा रस शोषते आणि त्यातले हरितकण आपल्या अंगात वापरते, म्हणून तिचा रंग पानासारखा. मोहोळची मुलगी तिला "पान" च म्हणते.

30 ला शेवटची 20 मिनिटं चौघांनी फक्त पोरायटीस प्रवाळाच्या 11 वसाहती पाहिल्या. फेस्टिला नावाच्या गोगलगायीच्या काही जाती पोरायटीस खातात आणि त्यांची पाठ प्रवाळाच्या तोंडांसारखी दिसते. एकही सापडली नाही.

9 फेब्रुवारी 2025, रविवार

फोटो आयनॅचरलिस्ट या संकेतस्थळावर चढवले, तिथे जाणकार प्राणी ओळखून देतात. सहापैकी चार प्रकारांची कुळं जाणकारांनी पक्की केली, दोन सांकेतिक क्रमांकावरच आहेत. एका फोटोवर कुणी विचारलं की ही कशावर बसली होती, आणि आमच्याकडे उत्तर नव्हतं, कारण फोटो फार जवळून काढलेला. तेव्हापासून प्रत्येकीचे चार फोटो: वरून, बाजूने, डोक्याचा आणि हातभर लांबून बसायच्या जागेसकट. मापाची पट्टी शेजारी टेकवायची, अंगाला लावायची नाही.

28 फेब्रुवारी आणि 1 मार्च 2025, तिसरी फेरी

तेच पट्टे, तेवढीच मिनिटं, तेच चौघे. ऊन वाढलं होतं. उथळ डबक्यांतलं पाणी हाताला कोमट लागत होतं, आणि मागच्या वेळी मोकळ्या असलेल्या दगडांवर हिरवं शेवाळ चढलेलं.

या वेळी 31 सापडल्या, सात प्रकार. अक्कलकोटच्या मुलाने आकडा ऐकून लगेच विचारलं, "खाणारं काय काय आहे त्यात?" पट्टीवरच वेगळं केलं. शेवाळ खाणाऱ्या 24, मागच्या वेळी 9. हायड्रॉइड खाणाऱ्या 4, मागेही 4. स्पंज खाणाऱ्या 3, मागे 6. एकूण आकडा वाढला तो शेवाळामुळे. शेवाळ वाढणं प्रवाळासाठी चांगली बातमी नसते, ते त्याच जागेवर हक्क सांगतं. पण हे ऋतूचं शेवाळ आहे की मुक्कामाला आलेलं, हे दोन फेऱ्यांवरून सांगता येत नाही. पावसाळ्यानंतर आणि पुढच्या जानेवारीत याच पट्ट्यांवर उतरल्याशिवाय आम्ही कुठलाही निष्कर्ष लिहिणार नाही.

मावशी याही वेळी होत्या. पाच दगड आम्ही उलटून तसेच ठेवलेत असं त्यांनी दाखवलं. आमचेच होते, मागच्या वेळचे नाही, त्याच संध्याकाळचे. खालची बाजू वर, स्पंज उघडा. घाईत राहिले. बार्शीची मुलगी काही न बोलता पाण्यात उतरली आणि एकेक सरळ केला. पुढच्या फेरीपासून दगड उलटताना मोठ्याने आकडा म्हणायचा आणि परत ठेवतानाही म्हणायचा. दोन्ही आकडे जुळल्याशिवाय पट्टा सोडायचा नाही.

9 मार्च 2025, रविवार

खर्च: पहिली फेरी गाडी, खोल्या आणि किरकोळ धरून 33,000 च्या वर, फोन वेगळा. दुसरी आणि तिसरी प्रत्येकी 9,000 च्या आत. सामान सगळं मिळून 1,400. कुणी हे करणार असेल तर पहिल्या फेरीसाठी 31 डिसेंबर टाळा, एसटीने जा, आणि तक्त्यात वेळेच्या शेजारचा उंचीचा आकडा वाचा.

तिन्ही फेऱ्यांचा तक्ता आज पूर्ण झाला. पहिल्या फेरीची ओळ खोडली नाही, तिच्यापुढे "वापरू नये" एवढंच लिहिलं. शेवटच्या ओळीवर चर्चा झाली. मोहोळची मुलगी म्हणाली, काही सापडलंच नाही तर ओळ कशाला? मंगळवेढ्याचा मुलगा म्हणाला, पुढच्या वर्षी सापडली तर आज नव्हती हे कुणाला कळणार? मग त्यानेच लिहिलं: पोरायटीस, 11 वसाहती, दोन फेऱ्या, 160 माणूस-मिनिटं, फेस्टिला 0.